चाचा, तो पाईप माझाच होता

मिस्त्री चाचा, सलाम.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, पण तुमचा नातू वाचून दाखवील, म्हणून इथं लिहितोय.

भादव्यातली ती सकाळ आठवत असेल. अंबडहून जालन्याच्या मोसंबी मार्केटला निघालो होतो. मागं आंबे बहाराची 7 क्विंटल मोसंबी. गोलापांगरीच्या अलीकडं गाडी झटके खायला लागली, इंजिनातला एक सिलिंडर मारतच नव्हता. तुमच्या पत्र्याच्या शेडपुढं कशीबशी आणून लावली आणि उतरल्या उतरल्या तुम्हालाच शिकवलं, "चाचा, प्लग तेवढे बदला, पाच मिनिटांचं काम आहे." तुम्ही इंजिनाकडं बघितलंच नाही, आधी मागचे कॅरेट बघितले. भाच्याचा टेम्पो बोलावला, माल त्यात भरून दिला. "लिलाव कुणासाठी थांबत नसतो." भाच्यानं भाडं घेतलं ते तेलापुरतंच.

आपल्याकडच्या बहुतेक पिकअप डिझेलच्या. त्यांना स्पार्क प्लग नसतोच, असतो तो हीटर प्लग. त्यामुळं प्लग म्हटलं की डोळ्यापुढं मोटरसायकल येते. पाना लावला, फिरवला, आला हातात. माझी गाडी सीएनजीवरची, जुनी. इंजिन सीटखाली आणि चार प्लग चार खोल भोकांत. त्यात गॅसवरच्या गाडीला ठिणगी जोरदार लागते, म्हणून प्लगही लवकर झिजतात. हे मला त्या दिवशी तुमच्याकडून कळलं, तोवर मी पेट्रोलच्या हिशेबानं चाललो होतो.

तीन प्लग निघाले. चौथ्यानं मात्र जीव खाल्ला. मी म्हणालो, द्या माझ्याकडं, लावतो जोर. तुम्ही पाना काढून घेतलात आणि चहा सांगितलात. "घाई तुला हाय, प्लगाला न्हाई." खरं सांगतो चाचा, तेव्हा राग आला होता. म्हातारा टाइमपास करतोय असं वाटलं.

पण तुम्ही काय करत होतात ते बसल्या बसल्या दिसत गेलं. आधीच हवा मारून भोकातली धूळ उडवली होती, नाहीतर प्लग निघाला की ती सरळ सिलिंडरात. मग गंज सोडवायचं तेल सोडलं आणि अर्धा तास हात लावला नाही. प्लग ज्यात बसतात ते इंजिनाचं हेड अॅल्युमिनिअमचं, प्लग लोखंडाचा. इंजिन तापलेलं असताना ओढलं तर हेडचे आटे प्लगाबरोबर ओरबाडून येतात, हे तुम्ही बोटांनी दाखवलंत. जरा कोमट झाल्यावर पाना लावला. सुताभर सोडायचा, परत आवळायचा, पुन्हा तेल, पुन्हा सुताभर. प्रत्येक वेळी आतून कर्रर्र आवाज यायचा आणि माझ्या पोटात गोळा. पाऊण तासानं तो बाहेर आला, खालच्या आट्यांवर काजळी दगडासारखी बसलेली. आटे गेले असते तर नवे आटे पाडून आत तारेच्या आट्यांची कॉइल बसवा, नाहीतर हेडच उतरवा. ऐन सीझनमध्ये गाडी आठ दिवस उभी, खर्च वेगळाच.

नवे प्लग मात्र तुम्ही मलाच बसवायला लावलेत. आधी पाना नाही, नुसत्या बोटांनी, शेवटपर्यंत. वॉशर टेकला की मग पान्यानं अर्धा फेरा, बस. मी ग्रीसचा डबा उचलला तर हातावर चापट बसली. ग्रीस लावलं की पाना हलका फिरतो आणि माणूस नकळत जास्त आवळतो, म्हणालात. मजुरी विचारली तर प्लगचे पैसे घेतलेत आणि चहाचे माझ्याकडून वळते केलेत. ते बरं केलंत, तेवढीच लाज राखली गेली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. "कुणी आवळलेत हे?" असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी एका मिस्त्रीचं नाव पुढं केलं. खोटं होतं. मागच्या वेळी मीच बसवले होते, पान्याला दीड फुटाचा पाईप घालून, घट्ट बरं म्हणून. तो पाईप त्या वेळीही सीटमागंच पडला होता. सीट तुम्हीच उचललीत, म्हणजे तो तुम्हाला दिसलाच असणार. तुम्ही तो उचलून बाजूला ठेवलात आणि एक शब्द बोलला नाहीत.

परवा शेडवर आलो तर तुम्ही नमाजाला गेला होतात. नातवाकडं मोसंबीचं एक कॅरेट ठेवलंय. वरची पिवळी आधी खा, खालची हिरवट आहेत ती आठ दिवस टिकतील. पाईपही तिथंच ठेवलाय, भंगारात घाला.