रविवारी घरदुरुस्ती : शुक्रवारपर्यंत नावे द्या

सभासदहो,
येत्या रविवारी सकाळी 9 वाजल्यापासून ज्येष्ठ आणि दिव्यांग सभासदांच्या घरी जाऊन किरकोळ दुरुस्ती करून देणार आहोत. गरज असणाऱ्यांनी शुक्रवार संध्याकाळपर्यंत सचिवांना कळवावे. संकोच नको.

- आधी बाथरूम. कमोडजवळ आधाराचा दांडा जमिनीपासून 84 ते 91 सेंमी उंचीवर, भिंतीत पक्का बसवू. टॉवेलचा रॉड धरून उठणे बंद करा. माणसाच्या वजनाने तो स्क्रूसकट उपटून येतो.
- उंबऱ्याला रॅम्प : 1 इंच उंचीला किमान 12 इंच लांबी. जागा मोजून ठेवा.
- वायरिंगची कामे घेणार नाही.

स्वयंसेवकांनी 8.30 ला कार्यालयात जमावे, ड्रिल असल्यास आणावे. घरच्यांना विचारल्याशिवाय सामान हलवू नये.