पेटी घेऊन ये

पुणे, ६ ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

जय ख्रिस्त.

तुझं पत्र मिळालं. शेवटी एका ओळीत विचारलंस, "आपल्या चर्चची मंडळी काय म्हणते?" त्याचं उत्तर एका ओळीत मावायचं नाही, म्हणून आज जेवणं आटोपल्यावर निवांत लिहायला बसलोय.

आपली उपासना अजून दुपारी चारलाच असते. जागा दुसऱ्यांच्या चर्चची; सकाळी त्यांची उपासना, मग त्यांची संडे स्कूल, आणि त्यानंतर आपण. आपणच खुर्च्या लावायच्या, वेदीवर आपलं कापड अंथरायचं आणि सहाला सगळं होतं तसं करून द्यायचं. माणसं मात्र वाढली आहेत. तू होतास तेव्हा मराठी आणि तेलुगू घरंच काय ती. आता झारखंडची पोरंपोरी येतात, कुणी खराडीला हॉटेलात कामाला, कुणी नर्स. पिढीजात लुथरन आहेत ती, म्हणजे आपल्यासारखीच मार्टिन ल्यूथरच्या पंथातली. जर्मनीतल्या पाद्री गोस्नरने पाठवलेले मिशनरी २ नोव्हेंबर १८४५ ला रांचीत पोचले आणि १८५० मध्ये चार उरांव आदिवासींनी पहिला बाप्तिस्मा घेतला, हे त्यांना आपल्या शिवजयंतीसारखं तोंडपाठ. मग आपले खडकीचे तेलुगू अण्णा कसे गप्प बसतील? "आमच्या गुंटूरला लुथरन मिशनरी फादर हायर १८४२ लाच आले," असं त्यांनी लगेच ऐकवलं. तेव्हापासून दोघांकडचे जुने किस्से चहाच्या वेळी रंगतात आणि मी कान देऊन ऐकत बसतो.

ऑगस्टमध्ये झारखंडच्या एका मुलीला डेंग्यू झाला. स्वतः नर्स, पण इथे रक्ताचं कुणी नाही. पाळकसाहेबांनी रविवारी नुसतं सांगितलं, आणि उपासना संपायच्या आत महिला मंडळाने डब्याचे वार वाटून घेतले. रात्री सोबतीला कोण, रिक्षा कुणाची, सगळं ठरलं. पण पोरगी जेवेना. आपल्या खिचडीचे दोन घास खाऊन डबा बाजूला सारायची. शेवटी अण्णांच्या बायकोने, आपल्या मावशींनी, तिच्या उशाशी बसून विचारलं, घरी आजारपणात काय देतात? ती म्हणाली, माड. म्हणजे भाताची पेज, मीठ घालून. दुसऱ्या दिवशी मावशी थर्मासमध्ये गरम पेज घेऊन हजर. वर लिंबाच्या लोणच्याचा खार, तो मात्र गुंटूरच्या हाताचा. पेलाभर प्यायली आणि आईला फोन लावून मावशीच्या हातात दिला. एकीला तेलुगू आणि मोडकी मराठी, दुसरीला झारखंडची सादरी बोली. किती वेळ बोलल्या कोण जाणे. मित्रा, मला मंडळी हवीशी वाटते ती यासाठी. प्रवचन मी घरी मोबाइलवरही ऐकू शकतो.

आता पुढचं सांगतो. ३१ ऑक्टोबरला लागून येणाऱ्या रविवारी धर्मसुधारणेची उपासना आहे. १५१७ ला ल्यूथरने चर्चच्या चुकांवर बोट ठेवलं ती गोष्ट दरवर्षी ऐकतोच आपण, पण यंदा पाळकसाहेबांनी दृढीकरणाच्या, म्हणजे कन्फर्मेशनच्या वर्गातल्या मुलांना उभं करायचं ठरवलंय. श्रद्धेचे धडे प्रश्नोत्तरांतून शिकवणारी ल्यूथरची लहान प्रश्नोत्तरावली १५२९ ची. घरच्या कर्त्या माणसाने पोराबाळांना शिकवावं, या हिशोबाने लिहिलेली. म्हणून मुलं मंडळीपुढे उत्तरं देतील आणि प्रश्न विचारतील त्यांचे आईबाप. मला हे मनापासून पटलं. त्या निमित्ताने आईबापांचीही उजळणी चालू आहे. त्याच सुमाराला २ नोव्हेंबरला झारखंडच्या मुलांची संध्याकाळची प्रार्थना, त्यांचा मांदर ढोल घेऊन.

नोव्हेंबरातच कापणीचा सण. तुला लिलाव आठवतो ना? यंदाही होणार. गेल्या वर्षी येरवड्याच्या एका आजींनी गच्चीवर पिंपात वाढवलेला दुधी आणला होता. बोली वीसपासून सुरू झाली. ज्याने घेतला त्याने पैसे भरले आणि दुधी परत टेबलावर ठेवला. दुसऱ्याने घेतला, त्यानेही परत दिला. असा तो फिरत राहिला आणि शेवटी हॉटेलातल्या पोरांनी वर्गणी काढून घेतला. आजी पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्या पैशांतूनच यंदा शाळेच्या फिया भरल्या.

मग आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार. १८३९ मध्ये हॅम्बुर्गला विखर्न नावाच्या लुथरन पाळकाने गरीब मुलांचं घर चालवताना गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या होत्या, रोजची एक लहान आणि रविवारची एक मोठी; मुलं सारखी "नाताळ कधी?" विचारायची म्हणून. ते ऐकून लोणीच्या एका काकांनी गावाकडचं बैलगाडीचं चाक आणायचं कबूल केलंय. करंज्या-चकल्या डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सगळ्यांनी मिळून करायच्या, आणि मग कॅरलच्या फेऱ्या: खडकी, येरवडा, पिंपरी.

इथेच घोडं अडलंय, आणि खरं तर पत्राचं कारणही हेच. पेटी वाजवणारं कुणी उरलेलं नाही. पोरं गिटारवर इंग्रजी कॅरल छान म्हणतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ना. वा. टिळकांची पदं गिटारवर पडून जातात. भजनाच्या अंगाने लिहिलेली पदं ती, त्यांना पेटीची ओढ आणि टाळाचा ठेका लागतोच. काही जण म्हणतात, उपासना पूर्ण इंग्रजीत करू, सगळ्यांना सोयीचं. मी बैठकीत विरोध केला. वाचन हिंदी-तेलुगूत होऊ दे, पण गाणं मराठीत राहायला हवं. झारखंडची मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, शिकवा ना मग." आता शिकवायला मला सूर कुठे येतो?

तेव्हा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी तू ये. नाशिकहून सकाळच्या एसटीने निघालास तरी चारच्या आत पोचशील. वहिनींना आणि मुलांना घेऊन ये, राहायचं माझ्याकडेच. आणि तुझ्या वडिलांची पदांची वही आठवणीने आण. चाली त्यांच्या हातच्या खुणांसकट आहेत, मी सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढून पोरांना वाटणार आहे. तिकीट काढलंस की फोन कर. स्टँडवर घ्यायला येतो.

काकूंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझाच,
खडकीचा मित्र

ता. क. पेटीचा भाता फाटलाय असं मागे म्हणाला होतास. तशीच घेऊन ये, इथे दुरुस्त करून घेऊ.