पहाटेच्या दुधावर कालची तारीख

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मोहोळ तालुक्यातल्या एका गावात दूध संकलन केंद्रावर पावत्यांवरनं चांगलंच वाजलं होतं, ऑपरेटर मुद्दाम घोळ घालतोय असं लोकं म्हणायला लागली आणि तो बिचारा शपथा घेऊन थकला. पहाटे पाचला दूध घातलं तर फॅट, एसएनएफ, लिटर, दर सगळं बरोबर, पण तारीख कालची आणि वेळ 'संध्याकाळ'. पावणेसहाला कॅन घेऊन येणाऱ्याची पावती मात्र एकदम ओके. संध्याकाळी सव्वापाचला येणाऱ्याचं दूध 'सकाळ'मध्ये. तिथं बिल दहा दिवसांचं निघतं, म्हणजे ११ तारखेच्या पहाटेचं दूध १० तारखेच्या संध्याकाळी दुसऱ्यांदा घातल्यासारखं दिसायचं, आणि ते बिल तर आधीच निघालेलं. मग भांडणं होणार नाहीत तर काय.

मी सोलापुरात सॉफ्टवेअरचंच काम करतो. घोळ साडेपाचच्या अलीकडेच होतोय म्हटलं की आमच्या धंद्यातल्या कुणालाही लगेच कळतं, कारण भारताची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढं आहे. झालं एवढंच की केंद्राचा पावत्यांचा प्रोग्राम नवीन क्लाउड सर्व्हरवर हलवला, टाइमझोन सांगणारं टीझेड नावाचं एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल तिथं कुणी सेटच केलं नाही, आणि कोडमध्ये लिहून ठेवलेलं की व्हॅल्यू नसली तर यूटीसी धर. त्यामुळं आपली पहाटेची पाच म्हणजे सर्व्हरच्या हिशोबानं आदल्या रात्रीचे साडेअकरा. बनवणाऱ्याच्या लॅपटॉपवर व्हेरिएबल सेट होतं, तिथं सगळं झकास. एरर नाही, वॉर्निंग नाही, प्रोग्राम आपला निवांत चालू.

एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल म्हणजे प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ही सोय १९७९ पासून आहे, आणि २०११ मध्ये हेरोकू या क्लाउड कंपनीवाल्यांनी 'ट्वेल्व्ह फॅक्टर' म्हणून जे नियम लिहिले त्यातही कॉन्फिग, म्हणजे सेटिंग, कोडमध्ये न ठेवता एन्व्हायरन्मेंटमध्ये ठेवा असंच सांगितलंय. ते बरोबरच आहे. पण ती सेटिंग द्यायची राहिली तर प्रोग्रामनं काय करायचं, हे आपल्याकडं पोरांना कुणी नीट शिकवत नाही, आणि मग पोरं प्रत्येक ठिकाणी काहीतरी डिफॉल्ट, म्हणजे सेटिंग नसली तर धरायची व्हॅल्यू, ठोकून मोकळी होतात. पोर्ट ८०८० धरला, लॉग लेव्हल इन्फो धरली, एका पानावर २० ओळी धरल्या, काही बिघडत नाही. पण डेटाबेसचा पासवर्ड नसेल तर 'अ‍ॅडमिन१२३' धर? वेबसाइट बनवायच्या जँगोचा डीबग मोड, म्हणजे चुका शोधायची सोय, डिफॉल्ट चालू? मग लाइव्ह साइटवर एरर आली की आतल्या फायली न् कोड सगळ्या जगाला दिसणार. असल्या ठिकाणी डिफॉल्ट द्यायचंच नाही, प्रोग्रामनं सुरू व्हायलाच नकार द्यायचा.

त्याची सोय सगळीकडं आहे की. पायथन भाषेत 'गेट' वापरून दुसरी व्हॅल्यू दिली तर ती डिफॉल्ट होते, आणि चौकोनी कंसात नुसतं नाव लिहिलं तर व्हेरिएबल नसताना सरळ की-एरर येते. ती एरर बघून पोरं घाबरतात, मला तर ती आवडते. शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करून चालवतात तिथं, नावापुढं कोलन आणि डॅश टाकून डिफॉल्ट देतात, डॅशच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं तर स्क्रिप्ट मेसेज देऊन तिथंच थांबते.

अजून एक गंमत म्हणजे रिकामी व्हॅल्यू. सेटिंगच्या फाइलीत नाव लिहिलंय, बरोबरचं चिन्हही टाकलंय आणि पुढं काहीच नाही. शेलमध्ये कोलन असेल तर रिकाम्यालाही डिफॉल्ट लागतं, नुसता डॅश असेल तर लागत नाही, आणि पायथनचं गेट तर व्हेरिएबल आहे म्हणून रिकामी स्ट्रिंग, म्हणजे कोरा मजकूरच, हातात देतं. गो भाषेत व्हेरिएबल नसलं काय न् रिकामं असलं काय, गेटएन्व्ह दोन्ही वेळा रिकामीच स्ट्रिंग देतं, फरक कळायला लुकअपएन्व्ह वापरावं लागतं. त्यात परत या व्हॅल्यू सगळ्या स्ट्रिंग असतात, त्यामुळं कुणी 'फॉल्स' असं लिहिलं आणि पायथनमध्ये ते तसंच बूलमध्ये, म्हणजे हो-नाही ठरवणाऱ्या प्रकारात, घातलं तर उत्तर 'ट्रू' येतं, कारण स्ट्रिंग रिकामी नाही ना! यात भलेभले फसतात.

डेअरीच्या प्रोग्राममध्ये नंतर डिफॉल्टच बदलून आशिया/कोलकाता केलं. मला ते पटलं, मोहोळचं केंद्र काय लंडनचं दूध घेणार नाही. जुन्या पावत्या मात्र हातानं लिहिलेल्या रजिस्टरवरनं एकेक करून दुरुस्त कराव्या लागल्या, रजिस्टर होतं म्हणून बरं.

आपल्या शहरात चादरीची शोरूम, सूत व्यापारी, क्लास, दवाखाने सगळेच आता लोकल पोरांकडनं सॉफ्टवेअर बनवून घेतात, चांगलीच गोष्ट आहे. त्यांना तुमच्या पेपरातून एवढंच सांगायचंय, शेवटचा चेक देण्याआधी त्या पोराला समोर बसवा, सर्व्हरची एक महत्त्वाची सेटिंग काढायला लावा आणि प्रोग्राम परत चालू करायला सांगा. अमुक सेटिंग नाही म्हणून थांबला तर चेक देऊन टाका. काही न बोलता चालू झाला तर कुठली व्हॅल्यू धरून चालू झाला ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत चेक खिशातच राहू द्या.

आपला,
एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर