डिझेलमधील गंधक आणि पंपाचे वंगण

महोदय,

कमी गंधकाच्या डिझेलने इंजिन लवकर झिजते, ही समजूत वाहनधारकांत अजून टिकून आहे. तिच्यात तथ्याचा अंश असला, तरी दोष भलत्याच जागी दिला जातो. डिझेलचा वंगणगुण मुख्यतः गंधकाचा नसतोच. गंधक काढण्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यात उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करताना, धातूला चिकटून संरक्षक थर धरणारी ऑक्सिजन व नायट्रोजनयुक्त संयुगेही नष्ट होतात. याचा फटका बसतो तो इंधन-पंपाला आणि इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरला, कारण अनेक पंपांच्या आतल्या भागांना इंजिन ऑइल मिळत नाही, त्यांतून वाहणारे डिझेलच त्यांचे वंगण असते. १९९० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनमध्ये असे डिझेल आल्यावर पंप निकामी होऊ लागले. पुढे युरोपीय मानकात वंगणक्षमतेची चाचणी आली: ६० अंश सेल्सिअसच्या डिझेलमध्ये पोलादी गोळी चकतीवर ७५ मिनिटे घासतात आणि गोळीवरचा झिजेचा व्रण ४६० मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) मोठा असल्यास ते डिझेल नापास ठरते. ही अट पाळण्यासाठी विक्रीपूर्वीच वंगणगुण वाढवणारी पूरके मिसळली जातात. साधारण २ टक्के बायोडिझेलनेही काम भागते. त्यामुळे प्रमाणित डिझेलमध्ये जास्तीच्या वंगणासाठी टू-स्ट्रोक ऑइल ओतण्याचा सल्ला अनाठायी आहे. खरी भीती रॉकेलच्या भेसळीची आहे, कारण तिने वंगणगुण खालावतो आणि महागडा पंप हकनाक जातो. तपासणी यंत्रणांनी केवळ गंधकाचे प्रमाण न पाहता विक्रीच्या ठिकाणच्या नमुन्यांची वंगणक्षमताही नियमित तपासावी व निष्कर्ष जाहीर करावेत, ही विनंती.

— एक वाचक