माशांचा जिना

सिअ‍ॅटल, रविवार रात्र

प्रिय पाटला,

दीड वर्ष झालं, तुझ्या शेवटच्या मेसेजला अंगठा दाखवून मोकळा झालो होतो. शिव्या राखून ठेव, भेटल्यावर घाल. आमचं बरं आहे. माझी शुगर आहे तिथंच, दादांचे गुडघे कुरकुरतात.

दादा इथंच आहेत, दोन महिन्यांसाठी. कुठं न्यावं कळेना म्हणून बॅलर्ड लॉक्सला नेलं. जन्मभर जायकवाडी धरणावर राबलेल्या माणसाला फिरायला नेलं तेही धरणावरच! तळं आणि समुद्र यांच्यामधला हा बांध १९१७चा. शेजारी बोटींसाठी लांबलचक हौद. बोट आत आली की मागचं दार लावतात, वरचं पाणी आत सोडतात, बोट पाण्याबरोबर वर येते. पंप नाही, काही नाही. दादांनी हात मागं बांधून चार बोटी चढवल्या. मग म्हणाले, "आपले सत्तावीस दरवाजे. यांचं काय कौतुक!" बागही झकास ठेवलीय. ती बघून ज्ञानेश्वर उद्यान आठवलं. तिथं तू मला कारंज्यात ढकललं होतंस, आणि 'तूच घसरलास' असं अजून म्हणतोस.

खरा घोळ पुढं झाला. पलीकडं माशांसाठी जिना आहे, एकवीस पायऱ्यांचा. सॅमन समुद्रातून अंडी घालायला वर नदीत जातात, मध्ये बांध आडवा, म्हणून ही वाट. खाली तळघरात काचेतून दिसतात. हा जिना १९७६ साली नव्यानं केला म्हटल्यावर दादा खूश. "आपलं उद्घाटन त्याच साली, इंदिराबाई आल्या होत्या." तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी शहाणपणा केला. सांगितलं, हे सगळं करताना १९१६ साली वरचं तळं जवळजवळ नऊ फूट खाली आलं, त्यातून निघणारी ब्लॅक नदी आटली, आणि तिच्या काठी ड्युवामिश हे इथले मूळनिवासी लोक राहायचे.

"मग ते गेले कुठं?"

मला काय सांगता येणार? दादा काचेकडं बघत बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पाटलाच्या आबांना धरणाच्या उघड्या गाळात पेरा म्हणून मीच सांगितलं होतं. पाणी औंदा इतकं चढत नाही म्हणालो. निसवलेली बाजरी गेली."

पाटला, आठवीत तू हेच म्हणालास म्हणून मी तुझी कॉलर धरली होती. तुझं बटण तुटलं, माझा दात हलला. पस्तीस वर्षं मी तुला खोटारडा समजत आलो.

आता दादांनी एकच धोशा लावलाय: दिवाळीत तुमच्याकडं यायचं, अण्णांसमोर बसून बोलायचं. अण्णा आमच्याकडं अजून चहासुद्धा घेत नाहीत. त्यांनी दारातूनच परतवलं तर? आणि घरात घेऊन नुसतेच गप्प बसले तर ते दादांना जास्त लागेल. नको म्हणावं तर म्हातारा दर रविवारी त्या काचेसमोर जाऊन बसतो, मासे मोजतो. अण्णांना आधी विचारतोस, की नकोच विचारू? मला काहीच सुचत नाही. तूच सांग.

बाकी गाळपेर कितपत झाली? ताईच्या पोरीचं जमलं का? वहिनींना नमस्कार.

तुझा,
कॉलनीवाला

ता. क. बाजरीचं तुझं खरं निघालं. कारंज्यात मात्र तूच ढकललंस.