देना, विजयाचे जुने कागद अजून तपासा

संपादक महाशय,

बँक ऑफ बडोदाच्या विस्ताराची चर्चा २०१९ सालच्या देना आणि विजया बँकेच्या विलीनीकरणापाशीच अडते. सयाजीराव गायकवाडांनी १९०८ साली स्थापलेली ही बँक त्याआधीपासून दोन वाटांनी वाढत आली आहे. परदेशात ती व्यापाऱ्यांच्या मागोमाग गेली. १९५३ साली मोंबासा आणि कंपाला, मग नैरोबी, दार-ए-सलाम, १९५७ साली लंडन. पूर्व आफ्रिकेत गुजराती पेढ्या आधीच होत्या, म्हणून खातेदार शोधावे लागले नाहीत. मात्र १९६७ साली टांझानिया सरकारने शाखांचे राष्ट्रीयीकरण केले आणि तिथला कारभार हातचा गेला.

देशात लहान बँका सामावून घेतल्या. १९६१ साली आलेल्या न्यू सिटिझन बँकेने महाराष्ट्रातले जाळे वाढवले, १९६३ साली सुरत बँकिंग कॉर्पोरेशन आली. तेव्हाची खाती खतावणीत होती. आता सगळे कोडवर चालते, आणि २०१९च्या विलीनीकरणाचा खरा त्रास तिथेच आहे.

देनाचा बीकेडीएन आणि विजयाचा व्हीआयजेबी या अक्षरांनी सुरू होणारे आयएफएससी, म्हणजे ऑनलाइन पैसे पाठवताना लागणारे शाखेचे कोड, १ मार्च २०२१पासून बंद आहेत. नवा कोड बीएआरबी या अक्षरांनी सुरू होतो. पाचव्या जागी शून्य असते. तिथे इंग्रजी ‘ओ’ लिहिला की एनईएफटीने पाठवलेले पैसे अडलेच. देनाच्या मुंबईतल्या धनादेशाच्या तळाशी छापलेला एमआयसीआर हा नऊ अंकी कोड ४०००१८ऐवजी ४०००१२ने सुरू झाला. गृहनिर्माण सोसायट्यांनी मेंटेनन्सच्या बिलावर छापलेला खाते क्रमांक आणि कोड, विम्याचा हप्ता खात्यातून आपोआप वळता करण्याचा नॅच आदेश, मुदत ठेवीवरचे नामनिर्देशन, हे एकदा शाखेत पडताळून घ्यावे.

शेअरचे गणित तर अनेकांना ठाऊकच नाही. देनाच्या १००० शेअरना बडोद्याचे ११०, विजयाच्या १००० शेअरना ४०२. म्हणजे देनाचे १०० शेअर असतील तर हाती ११ येतात. कपाटात पडलेली कागदी प्रमाणपत्रे घेऊन बँकेच्या शेअरची नोंद ठेवणाऱ्या निबंधकाकडे (रजिस्ट्रार) जावे, कारण सात वर्षे न उचललेला लाभांश गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातो.

सर्वांत दुर्लक्षित बाब ठेव विम्याची. ज्येष्ठ नागरिकांनी देनात ४ लाख, विजयात ४ लाख असे मुद्दाम विभागून ठेवले असतील, तर आता ती एकाच बँकेतली ८ लाखांची ठेव ठरते आणि व्याजासह विमा ५ लाखांपर्यंतच. बँकेने हे ठेवीदारांना मराठीतून लेखी कळवावे.

– एक निवृत्त बँक अधिकारी, गिरगाव, मुंबई