बर्फातल्या घळीत मशीन नेण्याआधी

मा. संपादक,

हिवाळी सहलींच्या जाहिरातींत ‘स्नोमोबाइल राइड’, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या इंजिनाच्या गाडीवरची फेरी, आता सर्रास दिसते. गुलमर्गच्या सपाट कुरणावर चालकामागे बसून मारलेल्या फेरीबद्दल आमचे काही म्हणणे नाही. आखलेली वाट सोडून मशीन उभ्या उतारांकडे वळले की मात्र चित्र पालटते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गच्याच अफरवट शिखरावर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू गेले.

मुंबईच्या ट्रेकर्सना नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, ही चढायची वाट वाटते. बर्फात तीच सर्वांत वाईट जागा. दोन्ही बाजूंचे बर्फ एकाच तळाशी येऊन साचते, त्यामुळे लहानशी घसरणही माणसाला खोल गाडते. बहुतेक मोठे हिमथर ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटतात. उतार फोनवरच्या कोनमापकाने मोजता येतो, पण पायाखालचाच मोजून भागत नाही, डोक्यावरचाही मोजावा लागतो. खालचा थर कमकुवत असेल तर तळातून जाणाऱ्या मशीनच्या भारानेही तो मोडतो आणि वरचा अख्खा पापुद्रा खाली येतो.

इंजिनाच्या आवाजाने कडा कोसळतो, हा गैरसमज आहे. कोसळतो तो वजनाने. आवाजाचा तोटा वेगळाच: खालचा थर खचून बर्फ बसताना येणारा ‘धप्प’ आवाज चालकाला ऐकूच येत नाही. म्हणून अधूनमधून इंजिन बंद करून, उतरून बर्फ पाहावे. ताजी भेग दिसली, किंवा आदल्या एक-दोन दिवसांत जोरदार हिमवृष्टी वा वारा झाला असेल, तर उभा उतार सोडून द्यावा.

उतारावर एका वेळी एकच मशीन. बाकीच्यांनी घसरणीच्या मार्गाबाहेर, मशीनचे तोंड बाहेर करून थांबावे. वर कुणाचे मशीन रुतले तर मदतीला दुसरे नेऊ नये. जीव जातात ते बऱ्याचदा इथेच, कारण त्याच थरावर दुप्पट भार पडतो.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावण्यासाठी संकेत सोडणारे व पकडणारे उपकरण), प्रोब (बर्फात खुपसून पाहायची लांब काठी) आणि धातूचे फावडे प्रत्येकाकडे हवे. ट्रान्सीव्हर अंगाला बांधलेला, उरलेले दोन्ही पाठीवरच्या पिशवीत. मशीनच्या डिकीत ठेवलेले फावडे मशीनबरोबरच गाडले जाते. फोन ट्रान्सीव्हरपासून किमान २० सेंमी लांब, आणि शोध घेताना ५० सेंमी.

कुणी गाडला गेलाच तर इंजिने बंद करून सर्वांनी ट्रान्सीव्हर शोध-स्थितीत टाकावेत. एकही प्रक्षेपणावर राहिला तर शोधणारे त्याच्याच मागे जातात. ट्रान्सीव्हरवरचा अंतराचा आकडा ३ मीटरवर आला की उपकरण बर्फालगत धरून सर्वांत लहान आकडा गाठावा, तिथून २५ सेंमी अंतराने गोलाकार प्रोब करावा. लागलेला प्रोब काढू नये, आणि खणायला त्याच्या उताराच्या खालच्या बाजूने, जरा अंतरावरून सुरुवात करावी. हे सारे पहिल्या १०-१५ मिनिटांत व्हायला हवे. त्यानंतर वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. बाहेरून मदत येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते, म्हणून सोबत्यांना सराव हवाच.

मुंबईतल्या सहल कंपन्यांकडे पैसे भरण्यापूर्वी ग्राहकांनी दोन गोष्टी विचाराव्यात: ही तीन साधने प्रत्येकाला देणार का, आणि निघण्यापूर्वी ट्रान्सीव्हरची तपासणी व तासभर सराव घेणार का? संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. त्यात ‘मध्यम’ किंवा वरची पातळी असेल तर उभ्या उताराखालची फेरी रद्द व पैसे परत, ही अट बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्यावी.

– काही गिर्यारोहण प्रशिक्षक, दादर, मुंबई